मुलाखती, डिक्टेशन आणि वैद्यकीय शब्द : लिहिताना खात्री कशी करता?

चैत्रपालवी

आरोग्याविषयीची रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढण्याचं काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. माझं काम मुख्यतः मराठी मुलाखतींचं. गावातल्या बायका, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, कधी एखाद्या तज्ज्ञाचं व्याख्यान. नव्याने शिकायला येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते. शब्द कानाला पटला पाहिजे आणि त्या वाक्याच्या आजारालाही पटला पाहिजे. दोन्ही जमलं की मग ऱ्हस्व-दीर्घ बघू.

गालगुंड आणि गलगंड घ्या. मागे पंखा चालू असला की दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. गालगुंड विषाणूमुळे होतो, कानापुढची लाळग्रंथी सुजते, बहुधा मुलांना होतो आणि काही दिवसांत उतरतो. गलगंड म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची वाढ. आयोडीन कमी पडणं हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं कारण. मागेपुढे ताप, गाल, वर्गातलं दुसरं मूल असं काही आलं तर गालगुंड. मिठाचा विषय निघाला, कितीतरी वर्षांपासून आहे असं म्हटलं, तर गलगंड. पाच मिनिटं मागे आणि पाच मिनिटं पुढे ऐकलं की बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

त्याहून अवघड काम तिथे, जिथे शब्द अगदी स्पष्ट ऐकू येतो पण अर्थ सुटा नसतो. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे खाज आणि गांधी. ‘पित्ताचे खडे’ तिसरंच. ‘पिशवी काढली’ म्हटलं की आपण गर्भाशय धरून चालतो, पण पित्ताची पिशवीही काढतात, आणि ‘पिशवी लावली होती’ म्हणजे लघवीची. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हापासून या विषयावरच्या मुलाखती वाढल्या आहेत. अशा मुलाखतीत ‘पिशवी’चं परस्पर ‘गर्भाशय’ करून टाकलं तर पुढे जो मोजणी करेल त्याचा आकडाच चुकेल. म्हणून मी बाईचा शब्द तसाच ठेवते. तिने दुसरीकडे कुठे खुलासा केला असेल तर त्या जागेची वेळ शेजारी लिहिते. खुलासा नसेल तर काहीही जोडत नाही.

ऐकूच आलं नाही तर रिकामी जागा, वेळ, आणि जेवढं कानावर पडलं तेवढं. ‘डिस...या, शेवटचं अक्षर या नक्की’ एवढं लिहिलं तरी तपासणाऱ्याचं काम निम्मं होतं. अंदाजाने भरलेला शब्द मात्र कोणाला दिसत नाही. तो खऱ्या शब्दासारखाच दिसतो आणि तसाच पुढे जातो.

हल्ली मशीनने काढलेला मजकूर हातात देतात आणि ‘फक्त तपासा’ म्हणतात. हे काम हलकं नाही. मशीन अडखळत नाही, रिकामी जागा सोडत नाही. ‘धाप लागते’चं ‘थाप लागते’ झालेलं लगेच दिसतं. पण ‘धाप’च्या जागी ‘दमा’ आला तर वाक्य इतकं सरळ वाचलं जातं की डोळा अडकत नाही, आणि बाईला नसलेला आजार तिच्या नावावर लागतो.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. औषधांची नावं कशी तपासता? इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना काय धोरण ठेवता? आणि मराठी आकड्यांचं काय करता? एकोणऐंशी आणि एकोणनव्वद घाईत बोलले की ७९ की ८९ हे ठरवताना मला घाम फुटतो.

केमिस्ट_काका

औषधांपुरतं मी बोलतो, दुकानात आयुष्य गेलं आहे.

पहिली गोष्ट, नावाचं शेपूट बघा. जागतिक आरोग्य संघटना औषधांची जी जेनेरिक नावं (ब्रँडची नव्हेत, मूळ औषधाची) ठरवते, त्यांत एका गटाच्या औषधांना एकच शेपूट असतं. ‘ओलोल’ने संपणारी ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल एका गटातली. ‘सार्टन’ म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, बीपीची. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलची. ‘प्रॅझोल’ म्हणजे ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, ॲसिडिटीची. आणि ‘कोनॅझोल’ म्हणजे बुरशीवरची. नाव अर्धवट ऐकू आलं तरी शेपूट आणि आजार जुळतात का ते बघता येतं.

दुसरी, ताकद बघा. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडॅझोल यांची गल्लत जगभर होते, दोन्ही नावं सुरुवातीला सारखी. पहिलं शुगरचं, बहुधा ५००, ८५० किंवा १००० मिलिग्रॅममध्ये. दुसरं आवेचं, जंतुसंसर्गाचं, आपल्याकडे २०० आणि ४००च्या गोळ्या. बोलणारा ‘चारशे, दिवसातून तीनदा, पाच दिवस’ म्हणत असेल तर ते मेटफॉर्मिन नाही. शुगरची गोळी पाच दिवसांचा कोर्स म्हणून कोणी देत नाही.

तिसरी फार महत्त्वाची. डॉक्टर आणि पेशंट दोघंही एकक बोलत नाहीत. ‘थायरॉइडची पन्नासची गोळी’ म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. लिहिणारा सवयीने मिलिग्रॅम लावतो, आणि मात्रा हजारपट होते. बोललेलं नसेल तर एकक लिहू नका.

ब्रँडच्या नावापुढची एएम, एच, एसआर ही अक्षरं गाळू नका. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे एएम आलं की बहुधा सोबत ॲम्लोडिपिन, एच आलं की हायड्रोक्लोरोथायझाइड. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी. ती अक्षरं गेली तर औषधच बदललं.

आणि नावं सारखी असणं हा काही फक्त आपल्या कानांचा दोष नाही. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही मेंदूच्या मलेरियावरची दोन औषधं. त्यांच्या नावांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१च्या त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की औषधांच्या बाबतीत नावांच्या सारखेपणाची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी, कारण इथे गोंधळ झाला तर जिवाशी गाठ आहे. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम बदलून जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. लिहिलेल्याची ही गत, तर ऐकलेल्याची काय असेल.

अटकेपार

काकांच्या मात्रेच्या मुद्द्याला जोड देते. मी पुण्यात असताना रात्रपाळीत अमेरिकन हॉस्पिटलांची डिक्टेशन, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेल्या नोंदी, लिहायचे. आता इकडे अमेरिकेतच मेडिकल कोडिंगमध्ये आहे, म्हणजे आजार-उपचारांना संकेतांक देण्याच्या कामात. आमच्या ट्रेनिंगमध्ये अलाबामाची केस शिकवायला हवी होती, असं मला फार वाटतं. २००८ मध्ये तिथे एका मधुमेही बाईच्या डिस्चार्ज समरीत लेव्हेमिर इन्सुलिन ८ युनिटऐवजी ८० युनिट लिहिलं गेलं. डिक्टेशन लिहिण्याचं काम कंत्राटावर कंत्राट होत भारतात आलेलं होतं. पुढच्या ठिकाणी त्या कागदावरून इन्सुलिन दिलं गेलं आणि बाई दगावली. २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. एक शून्य. लिहिणाऱ्याने ‘एवढं इन्सुलिन?’ असं विचारून खूण केली असती, किंवा नंतर कोणी तपासलं असतं, तर.

इथल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, ती मराठीत काम करणाऱ्यांनीही पाळण्यासारखी आहे. युनिट पूर्ण लिहायचं, कारण ‘यू’ हे अक्षर शून्यासारखं दिसतं. दशांशापुढे नुसतं शून्य लिहायचं नाही, ५.० चं ५० होतं. आणि दशांशाआधी शून्य लिहायचंच, .५ चं ५ होऊ नये म्हणून.

चैत्रपालवी, तुमचं ‘मागेपुढे ऐका’ हे बरोबर आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. इलियम घ्या. तिसरं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कंबरेचं हाड. आतड्याचं ऑपरेशन चालू आहे की हाडाचं, यावरून लगेच कळतं. पण डिसफॅजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिसफेझिया म्हणजे बोलण्यात, भाषेत अडथळा. पॅरालिसिसच्या पेशंटला दोन्ही होऊ शकतात, आणि स्पीच थेरपिस्ट दोन्हींवर उपचार करतो. म्हणजे संदर्भ तुम्हाला काहीच सांगत नाही. ‘जेवणाची नळी घातली’ असं पुढे आलं तर ठीक, नाहीतर रिकामी जागा आणि डॉक्टरकडे परत.

ॲबडक्शन आणि ॲडक्शनचंही तेच. एक हातपाय शरीरापासून लांब नेणं, दुसरं जवळ आणणं. चांगले डॉक्टर डिक्टेट करताना ‘ए-बी-डक्शन’ असं तोडून म्हणतात.

आपल्याकडून गेलेल्यांना आणखी एक अडचण येते. आपली शाळा ब्रिटिश. पॅरासिटामॉल इकडे ॲसिटामिनोफेन, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. भारतीय डॉक्टर इकडच्या हॉस्पिटलात बोलताना ‘पॅरासिटामॉल’ म्हणाला तर तुम्ही तेच लिहायचं. बदल करायचा की नाही ते हॉस्पिटलच्या नियमावर सोडा.

अनुस्वार

मी मुद्रितशोधनाच्या बाजूने आहे, त्यामुळे शुद्धलेखन शेवटी हे मला थोडं खटकलं, पण कारण पटतं.

सगळ्यात जास्त चुकणारा शब्द ‘हृदय’. दहांपैकी निम्म्या फाइलींत ‘ह्रदय’ असतं. ह ला ऋ लावायचा आहे, र जोडायचा नाही. दोन्ही पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, पण शोध घेताना एक शोधला की दुसरा सापडत नाही. संशोधनाच्या कामात हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. ‘फुप्फुस’ विश्वकोशात असं आहे. वर्तमानपत्रांत ‘फुफ्फुस’ सर्रास दिसतं. ‘स्नायू’ सुटा असताना दीर्घ, पण ‘स्नायुबंध’ असा समासात पहिला आला की ऱ्हस्व. ‘वायू’ आणि ‘वायुवीजन’ तसंच. ‘मूत्रपिंड’, ‘मूत्राशय’ यांत मू दीर्घच. ‘जीवाणू’ की ‘जिवाणू’ यावर दोन्ही बाजूंनी भांडणारे आहेत, तुमच्या प्रकल्पात एक ठरवून टाका.

पाहायचं कुठे, तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, न्यायवैद्यक व विषशास्त्र अशा विषयांचे. मराठी विश्वकोशातल्या आजारांवरच्या नोंदी अजूनही उत्तम आहेत. सर्च इंजिनमध्ये शब्द टाकून किती जणांनी तसा लिहिला आहे हे मोजणं ही खात्री नव्हे. चुकीचं रूपच तिथे बहुमताने निवडून येतं.

इंग्रजी शब्दांबद्दल माझं मत: बोलणारा ‘डायबिटीस’ म्हणाला तर ‘मधुमेह’ करायचा नाही. आणि ‘डायबिटीस, डायबेटीस, डायबेटिज’ यांपैकी एकच रूप पूर्ण प्रकल्पात. पहिल्या दिवशी एक यादी उघडायची, नवा शब्द आला की त्यात भर, आणि ती सगळ्या लिहिणाऱ्यांना एकच.

वैद्यबुवा

कोश बघा, हे बरोबर; पण बोलणारा कोण आहे तेही बघा. ‘विषमज्वर’ म्हटलं की शाळेच्या पुस्तकावर वाढलेला माणूस टायफॉइड समजतो. आम्ही आयुर्वेदवाले विषमज्वर म्हणतो तेव्हा ठरावीक वेळेने चढणारा-उतरणारा, अनियमित ताप म्हणत असतो, आणि ते वर्णन पुष्कळदा मलेरियाला, म्हणजे हिवतापाला जवळचं. वैद्याच्या मुलाखतीत त्याचं टायफॉइड केलंत तर त्याच्या तोंडी भलतंच निदान घातलंत.

‘वात’ तर विचारूच नका. संधिवात, आमवात, वाताचा झटका, ‘अंगात वात शिरला’. पेशंट म्हणतो ‘वाताचा त्रास’ आणि गुडघ्यापासून अर्धांगवायूपर्यंत काहीही असू शकतं. तिथे शब्द न बदलता ठेवणं हाच एक मार्ग, चैत्रपालवी म्हणतात तसा.

पाणंद

एक छोटी भर, पशुवैद्यकीय दवाखान्यातून. ‘घटसर्प’ माणसात म्हणजे डिप्थीरिया. गाई-म्हशींत घटसर्प म्हणजे गळसुजी, जिवाणू वेगळा, रोग वेगळा. गावातली मुलाखत असेल तर माणूस एका वाक्यात पोराबद्दल आणि दुसऱ्या वाक्यात म्हशीबद्दल बोलतो. पावसाळ्याआधीच्या लसीकरणाचा विषय निघाला असेल तर बहुधा जनावरंच. एका अहवालात ‘गावात घटसर्पाने तीन दगावले’ असं वाचून मी हादरलो होतो. ती जनावरं होती.

गटप्रवर्तक_ताई

मी आशाताईंबरोबर काम करते. बायका काय बोलतात ते शहरातल्या लिहिणाऱ्यांना माहीत नसतं म्हणून सांगते.

‘माझं ऑपरेशन झालंय’ असं बाई नुसतं म्हणाली तर आमच्याकडे त्याचा अर्थ कुटुंबनियोजनाचं. बाळंतपणात पोट फाडलं असेल तर ‘सिझर झालं’ म्हणेल. ‘बिनटाक्याचं’ म्हणजे दुर्बिणीचं, पण पुरुषांच्या नसबंदीलाही बिनटाक्याचं म्हणतात, तेव्हा कोणाचं ते बघा. ‘तांबी बसवली’ म्हणजे कॉपर टी. एका ठिकाणी लिहिणाऱ्याने ‘तांब्या’ लिहिलं होतं. ‘रक्ताच्या गोळ्या’ म्हणजे लोहाच्या. ‘डोस पाजला’ म्हणजे पोलिओ. ‘दिवस गेले’ आणि ‘दिवस भरले’ यांत नऊ महिन्यांचं अंतर आहे.

‘अंगावरून जातं’ हे फार जपून. पांढरं की लाल हे बाई लाजेने बोलत नाही, हाताने खूण करते. रेकॉर्डिंगमध्ये खूण येत नाही. ‘बीपी आहे’ म्हटलं की वाढलेला. कमी असेल तर ‘लो झाला’ म्हणतात.

आमच्या बायकांना चैत्रपालवींसारखं शब्द न बदलता लिहिणारं माणूस पाहिजे. आमच्याकडची बाई एवढं मन मोकळं करून बोलते, ते कागदावर दुसरंच झालं तर वाईट वाटतं.

चैत्रपालवी

ताई, खुणेचा मुद्दा मी कायमचा लिहून ठेवला. मुलाखत घेणाऱ्यांना आता सांगणार आहे की बाईने खूण केली तर ‘पांढरं म्हणताय ना?’ असं तिथेच तोंडाने विचारा, म्हणजे ते रेकॉर्डिंगमध्ये येईल. अर्धी खात्री मुलाखतीतच करता येते, आमच्या टेबलापर्यंत यायची गरज नाही.

वैद्यबुवा, बोलणाऱ्याची ओळख फाइलच्या वरच लिहायची पद्धत आम्ही सुरू करतो: वैद्य, ॲलोपॅथीचे डॉक्टर, पेशंट, पशुपालक. पाणंद यांचा घटसर्पही त्यातच बसेल.

अनुस्वार, यादी आमच्याकडे आहे, पण त्यात रूप फक्त आहे. कुठून खात्री केली तो रकाना नाही. तो टाकते.

अटकेपार यांची ८० युनिटची गोष्ट वाचून थांबले. आकड्यांसाठी आता एक नियम: मात्रा, वय, तपासणीचा आकडा, हे सगळे दोनदा ऐकायचे, दुसऱ्यांदा वेग कमी करून, आणि दुसऱ्या माणसाने.

नवी_लेखनिक

सगळं वाचलं, खूप उपयोगी. माझ्या फाइलमध्ये दोन जागा अडल्या आहेत. पहिली, डॉक्टर म्हणतात ‘... पाच सेंटिमीटरचा, पिशवीच्या मागच्या भिंतीत’. आधीचा शब्द फायब्रॉइड की फायब्रोसिस कळत नाही. दुसरी, ‘सिरम क्रिएट... एक पॉइंट चार’. पेशंटचं नाव, गाव आणि रेकॉर्डिंगचा तुकडा इथे टाकू का?

चैत्रपालवी

नाव, गाव, तुकडा काहीही इथे टाकू नका, बाहेरच्या कुठल्याही ऑनलाइन साधनातही नको. एवढं वर्णन पुरेसं आहे.

पहिली जागा: ‘पाच सेंटिमीटरचा’ असं माप आणि पुल्लिंग आहे, आणि भिंत बहुधा गर्भाशयाची आहे. फायब्रॉइड म्हणजे गाठ, आणि गाठीला असं माप देतात. फायब्रोसिस म्हणजे ऊतक कठीण होणं, त्याला ‘पाच सेंटिमीटरचा’ कोणी म्हणणार नाही. फायब्रॉइड लिहा, पण खूण ठेवा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला जोडलेला असेल तर त्यावरून नक्की करा. ‘पिशवी’ डॉक्टरांचा शब्द आहे, तसाच ठेवा.

दुसरी: क्रिएटिनिन. सिरममधून मूत्रपिंडासाठी तपासतात ते तेच, आणि १.४ हा आकडा मिलिग्रॅममधल्या रिपोर्टला जुळतो. ‘क्रिएटिन’ वेगळं, जिमवाले घेतात ते. एकक त्यांनी बोललं नसेल तर लिहू नका, काकांनी सांगितलं तसं.

नवी_लेखनिक

रिपोर्ट जोडलेला आहे, फायब्रॉइडच आहे. पण रिपोर्टमध्ये माप ४.५ लिहिलंय आणि डॉक्टर पाच म्हणतायत.

चैत्रपालवी

लेखनात पाच राहू द्या, ते बोलले तेच. शेजारी वेळ टाकून ‘जोडलेल्या रिपोर्टमध्ये ४.५ सेंटिमीटर’ एवढी नोंद करा आणि फाइल त्यांच्याकडे परत पाठवा.